आडवा, उभा आणि तिरका

टेबलाखाली माझे पाय नीट पसरत नाहीत, एवढंच निमित्त. म्हटलं, उभा सीपीयू आडवा करावा, त्यावर पाय टाकावेत आणि आरामात पेपर वाचावा. (माझ्या सगळ्या योजना पायांपासून सुरू होतात. डोक्याला त्यात कुणी विचारत नाही.)

बायको घरी बसून गटारांचे नकाशे काढते. कित्येक आठवडे डोळे फोडून केलेले नकाशे त्या वेळी पेनड्राइव्हवर उतरत होते. ते आजच ऑफिसात पोचले नाहीत, तर पुढचं काम दुसऱ्याला जाणार होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी सीपीयूला मिठी मारली आणि कलता केला. तेवढ्यात ती चहा घेऊन दारात आली.

"अहो, हलू नका! नकाशे उतरतायत!"

मी होतो तसाच थिजलो. सीपीयूचा एक कोपरा जमिनीवर, बाकी भार माझ्या मांडीवर.

"खाली ठेवू?"

"नको!"

"उभा करू?"

"मुळीच नको!"

"मग करू काय?"

"काहीही करू नका!"

आतून कुरकुर ऐकू येत होती. (ती माझ्या गुडघ्याची होती, हे मागाहून कळलं.) मी घाबरून म्हटलं, "तुझ्या भावाला विचार!" मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, डिस्क उभी चालते, आडवी चालते, तिरकीही चालते. पण फिरत असताना धक्का बसला, तर आतलं हेड चकतीवर घासतं आणि सगळं जातं. ताई, पण तुझ्याकडे तर..."

बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. परत आली ती गंभीर चेहऱ्यानेच.

"श्वाससुद्धा बेताने घ्या."

मी घेतला. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, पडद्यावरची हिरवी पट्टी जागची हलेना. मला खरंच रडू यायला लागलं. माझ्या पायांपायी हिची मेहनत पाण्यात गेली, तर तोंड कसं दाखवायचं?

"झालं!" तिने पेनड्राइव्ह काढला. मी सीपीयू खाली ठेवला आणि शेजारीच कोसळलो. फोन वाजला. मेहुणा.

"भाऊजी, सुटलात का? अहो, ताईच्या सीपीयूत फिरणारी डिस्क नाहीच. मी नवी बसवलीय. तिच्यात हलणारं काही नसतं. उलटी टांगा, चालेल."

बायको चपला घालत होती.

"मग मला असा सीपीयू धरून का बसवलंस?"

"डिस्कची भीती नव्हती हो. तुमचे हात मोकळे झाले की तुम्ही आणखी काहीतरी नीट करायला घेता, त्याची होती."

नकाशे वेळेत पोचले, पुढचं काम तिलाच मिळालं. हल्ली काही निकडीचं असलं की ती आधी माझ्या हातात एखादी जड वस्तू देते. काल शिलाईमशीन दिलं होतं.