हौसाबाईंची करवंदीची जाळी

एका जंगलात झाडे फार होती. जंगल म्हटले की झाडे असायचीच, त्यात सांगण्यासारखे काय, असे तुम्ही म्हणाल. बालमित्रांनो, तुम्ही लहान आहात. झाडे कुठे असावीत, हा केवढा गहन प्रश्न आहे याची तुम्हांला अजून कल्पना नाही. त्या जंगलातल्या प्राण्यांनाही नव्हती. म्हणून ते बिचारे सुखात होते.

जंगलाच्या कडेला एक टेकडी होती. टेकडीच्या पायथ्याशी एक बीळ होते. त्यात हौसाबाई साळिंदर आणि त्यांचे यजमान काटेराव राहत. बिळाच्या तोंडाशी करवंदीची दाट जाळी होती. इतकी दाट, की आत बीळ आहे हे शेजाऱ्यांनाही सांगावे लागे. उन्हाळ्यात पिकलेली करवंदे आपोआप दारात गळून पडत. काटेराव बसल्या जागी ती खात आणि ढेकर देत. हौसाबाईंना त्या ढेकरेचा राग येई. बाकी संसारात काही उणे नव्हते.

त्या जंगलात मधुस्वरा नावाची एक कोकिळा होती. आवाजासाठी तिची फार ख्याती होती. कोकिळांमध्ये गातो तो नर. पण सत्कार तिचे होत. ती एक हंगाम शहरात राहून आली. म्हणजे एका उंच इमारतीसमोरच्या वायरीवर बसून आली. लोकांच्या खिडक्यांतून तिने खूप काही पाहिले. परत आली ती गृहसजावटीची तज्ज्ञ होऊनच.

मधुस्वरेने आयुष्यात घरटे बांधले नव्हते. तिच्या आईने बांधले नव्हते. आजीनेही नाही. अंडी घालायची वेळ आली की या घराण्यातल्या बायका कावळ्याच्या घरट्यात जाऊन घालून येत. पण तज्ज्ञाला असले प्रश्न विचारायचे नसतात. कुणी विचारले नाहीत.

वडाखाली सभा भरली. फांदीवर बसून मधुस्वरा म्हणाली, "शहरात प्रत्येकाच्या दिवाणखान्यात झाड असतं."

"आणि बाहेर?" काटेरावांनी विचारले.

"बाहेर एकही नसतं. यालाच अभिरुची म्हणतात."

सभेत टाळ्या पडल्या. काटेरावांनी आणखी काही विचारायला तोंड उघडले, तेव्हा हौसाबाईंनी त्यांना कोपर मारले.

दुसऱ्याच दिवशी अस्वलाने गुहेत बांबू लावला आणि ते शिंकू लागले. गोदाक्का घोरपडीने खडकातल्या आपल्या कपारीत एक वेल नेऊन बसवली. वेल आत गेली. मग गोदाक्का आत मावेना. तिचे शेपूट बाहेर राही, भर उन्हात. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आवर्जून सांगे, "आमच्याकडे इंडोअर आहे हो."

हौसाबाईंचे अन्न गोड लागेना. ज्या गोदाक्काला कालपर्यंत शेवाळ आणि नेचा यातला फरक कळत नव्हता, तिच्या घरी इंडोअर! त्यांनी मधुस्वरेला घरी बोलावले.

मधुस्वरा बिळाच्या तोंडाशीच थांबली. आत जायची तिला सवय नव्हती. मान वाकडी करून तिने एका डोळ्याने पाहिले.

"हा कोपरा मेलाय," ती म्हणाली.

हौसाबाई दचकल्या. तिथे काटेराव झोपलेले होते.

"नाही, मॅडम, ते असेच झोपतात."

"त्यांच्याबद्दल नाही बोलत मी. कोपऱ्यात जीव नाही. इथे काहीतरी रांगडं, रानटी हवं." तिने मागे वळून पाहिले. "ही जाळी आत घ्या."

काटेराव उठून बसले. "जाळी? अहो, ती आहे म्हणून आमचं दार कुणाला दिसत नाही."

"दिसत नाही ते दार कसलं?" मधुस्वरा म्हणाली. "प्रवेश कसा मोकळा हवा. पाहुण्याला लांबून कळलं पाहिजे, की इथे कुणीतरी राहतं."

"तेच तर कळायला नको आहे," काटेराव म्हणाले. पण तोवर हौसाबाईंनी जाळी उकरायला घेतली होती.

ओढ्याकाठी एक फुटका माठ पडला होता. तो कुंडी म्हणून आणला. जाळीची मुळे लांबवर गेली होती, ती तोडली. फांद्या दारातून आत जाईनात, त्या मोडल्या. जे उरले ते माठात खोचले आणि कोपऱ्यात ठेवले. हौसाबाई पुन्हा पुन्हा दाराशी जात आणि तिथून कोपऱ्याकडे पाहत. आता दारातून कोपरा स्पष्ट दिसत होता. टेकडीखालच्या पायवाटेवरूनही दिसत होता.

जाळी आत आली तशी बिळातली जागा संपली. साळिंदराच्या घरात आधीच काटे कमी नसतात. त्यात करवंदीचे. काटेराव कुशीवर वळले की त्यांचे काटे तिला लागत आणि तिचे काटे त्यांना. एकदा संध्याकाळी त्यांना भूक लागली. समोर कोवळा शेंडा होता. त्यांनी तो खाल्ला.

हौसाबाईंनी आकाशपाताळ एक केले.

"अहो, ते खायचं नसतं!"

"अगं, पण आपण पालाच खातो ना?"

"बाहेरचा! घरातलं झाड बघायचं असतं!"

"बघून पोट भरेल का?"

"तुम्हांला मेली दृष्टीच नाही!" असे म्हणून हौसाबाईंनी यजमानांना बाहेर काढले. जाळी उपटली होती तिथे खड्डा पडला होता. काटेराव जाऊन त्यात बसले. झाड घरात आणि घरधनी खड्ड्यात. गोदाक्काने येताजाता ते पाहिले आणि आपले शेपूटच तेवढे बाहेर असल्याचे तिला समाधान वाटले.

बिळात ऊन येत नाही. करवंदी पिवळी पडू लागली. हौसाबाई घाबऱ्या झाल्या. मधुस्वरा म्हणाली, "तिच्याशी बोलत जा. प्रेमाने. झाडांना सगळं कळतं."

मग हौसाबाई करवंदीशी बोलू लागल्या. "जेवलीस का गं? उकडतंय का? आज तोंड का उतरलंय?" इतक्या मायेने त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. बाहेर खड्ड्यात काटेराव ते ऐकत. पहिल्यांदा 'उकडतंय का?' एवढेच कानी आले; त्यांना वाटले, आपल्यालाच विचारते आहे. त्यांनी उत्तरही दिले. मग कळले.

एके दिवशी तिन्हीसांजेला पायवाटेने एक बिबट्या चालला होता. तो त्या वाटेने नेहमी जाई. आजवर त्याला तिथे टेकडी आणि झुडूप एवढेच दिसले होते. आज मोकळा प्रवेश दिसला. आणि प्रवेशाशी खड्ड्यात बसलेले घरधनी दिसले.

बिबट्याने झेप घेतली. काटेराव पाठ करून उलटे धावले, साळिंदरे धावतात तसे. बिबट्याचा पंजा काट्यांवर पडला. तो किंचाळला. काटेरावही किंचाळले. धूळ उडाली. बिबट्या तीन पायांवर लंगडत निघून गेला. काटेराव फरपटत आत आले. अर्धी पाठ उघडी पडली होती आणि मांडीवर खोल ओरखडा होता. दारात त्यांच्या काट्यांचा सडा पडला होता.

हौसाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. कितीही झाले तरी नवरा होता. त्यांनी काटेरावांचे डोके मांडीवर घेतले. "अहो, डोळे उघडा. अहो, मी बोलतेय. तुमच्याशी बोलतेय." काटेरावांनी एक डोळा उघडून खात्री करून घेतली.

जखमेवर पाला चावून बांधायला हवा होता. दारात आता पाला नव्हता. लांब जायची भीती वाटत होती. हौसाबाई करवंदीकडे वळल्या. तिच्यावर थोडी पाने उरली होती. त्यांनी जड मनाने पाने तोडली. मागच्या बाजूची. पुढून दिसतात ती राहू दिली.

काटेराव जेमतेम चालू लागले, तेवढ्यात वडाखाली परिसंवाद ठरला. विषय होता, "घरातील झाडे : आज शोभतात का?" सगळे जंगल लोटले. अस्वल शिंकत आले. गोदाक्का उन्हाने भाजलेले शेपूट सांभाळत आली. वटवाघळाचे भाषण पहिले झाले. ते फांदीला उलटे लटकून म्हणाले, की कुंडी वर आणि झाड खाली, ही मांडणीच मुळात अशास्त्रीय आहे. विद्वत्तापूर्ण म्हणून त्याची वाहवा झाली. मग मधुस्वरा उठली.

"झाडं?" ती हसली. "घरात? अजून?"

अस्वलाने शिंक आवरली.

"शहरात आता कुणी ठेवत नाही. फार झालं ते. गावंढळ दिसतं. आता हवा कोरडेपणा. रेषा. मोकळीक."

"पण मॅडम," अस्वल म्हणाले, "तुम्हीच तर—"

"ते मागच्या हंगामात," मधुस्वरा म्हणाली. एवढे उत्तर पुरले. अस्वल ओशाळून खाली बसले.

घरात झाड ठेवावे की नाही यावर मग खूप चर्चा झाली. ज्यांच्या घरात ते होते त्यांना मात्र कुणी काही विचारले नाही. हौसाबाई मान खाली घालून घरी आल्या. आपण गावंढळ दिसतो आहोत, या विचाराने त्यांना चालताना कुणाची नजर सहन होईना. त्यांनी करवंदीला धरून ओढले. ती सहज निघाली. ती केव्हाच वाळून गेली होती. पुढची पाने तेवढी, शिस्तीने, लागलेली होती.

त्यांनी ती पायवाटेवर भिरकावली. मग दार झाडले. काटेरावांचे काटे अजून इथेतिथे पडले होते. पायाला टोचत म्हणून हौसाबाईंनी ते गोळा केले आणि रिकाम्या माठात उभे करून ठेवले.

तेवढ्यात मधुस्वरा दाराशी आली. कुणी सल्ला मानला आणि कुणी नाही, हे बघत ती फिरत होती. तिने मान वाकडी केली.

"हे काय आहे?"

हौसाबाई घाबरून म्हणाल्या, "काही नाही, मॅडम. यांचे काटे. टाकणारच आहे."

"टाकू नका!" मधुस्वरा ओरडली. "काय रेषा आहे! काय कोरडेपणा! पाणी नको, ऊन नको. काळा, पांढरा, काळा, पांढरा! हौसाबाई, तुम्ही काळाच्या पुढे आहात."

बालमित्रांनो, हौसाबाईंना आयुष्यात इतका आनंद कधीच झाला नव्हता. लग्नातसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून दारात रीघ लागली. सगळ्यांना काटे हवे होते. गोदाक्काही आली. स्वतःहून आली, आणि गोड बोलली. "हौसाबाई, थोडे आमच्या कपारीसाठी द्या ना. तुमच्यासारखी नजर कुठली आमची?" हौसाबाईंनी मोठ्या मनाने माठातले सगळे काटे देऊन टाकले. मग काटेरावांना हाक मारली.

"अहो, जरा पाठ करा."

"अगं, हे अंगावर असायला हवेत. तो बिबट्या—"

"सगळं जंगल दाराशी आलंय, आणि तुम्हांला त्या एकट्याचं पडलंय!"

काटेरावांनी पाठ केली. त्यांचे काटे संपल्यावर हौसाबाईंनी स्वतःचेही काढले. दुखले; पण समोर गोदाक्का उभी होती, म्हणून त्या हसत राहिल्या. शेवटी जंगलातल्या प्रत्येक घरात साळिंदराचे काटे होते. नव्हते ते फक्त साळिंदरांच्या अंगावर.

पंजा बरा झाल्यावर बिबट्या परत आला. या वेळी तो जपून, हळूहळू पुढे सरकला. दाराशी थांबून त्याने आत डोकावले. आत दोन गुबगुबीत, गुळगुळीत प्राणी बसले होते. त्याने असे काही पूर्वी पाहिले नव्हते, पण चव कशी असेल याचा त्याला अंदाज आला.

साळिंदराच्या बिळाला मागून एक पळवाट असते. जुन्या पद्धतीचे बांधकाम म्हणून ती बुजवायची, असे हौसाबाईंनी ठरवले होते. सुदैवाने राहून गेले होते. काटेरावांनी बायकोचा हात धरला आणि तिला त्या भोकातून ओढत नेले. हौसाबाई मागे वळून वळून माठाकडे पाहत होत्या. ओढा ओलांडून, पलीकडच्या डोंगरात, हौसाबाईंच्या भावाकडे दोघे पोहोचले तेव्हा त्यांच्या अंगावर लाज झाकण्यापुरताही काटा नव्हता. भावाने काही विचारले नाही. भावजयीने नंतर सगळे विचारले.

बिबट्याने बीळ फिरून पाहिले. पंजांनी उकरून चांगले रुंद केले. त्याला ते आवडले. तो तिथेच राहिला.

काही दिवसांनी मधुस्वरा एक रसिक मंडळ घेऊन तिथे आली. त्यात अस्वलाची मावशी होती, ससे होते, भेकरे होती आणि सगळ्यांत पुढे गोदाक्का होती. मधुस्वरा समोरच्या फांदीवर बसली आणि म्हणाली, "पाहा. झाड नाही, काटा नाही, काहीच नाही. दाराशी गवताची काडी नाही. याला म्हणतात घर!"

बिबट्या दाराशी येऊन बसला होता. त्याने जांभई दिली.

"बाहेरून काय बघता?" तो नम्रपणे म्हणाला. "आत या ना."

मंडळ आत गेले. मधुस्वरा फांदीवरच थांबली. दुसऱ्याच्या घरात शिरायचे ते मालक बाहेर असताना, हा तिच्या घराण्याचा नियम होता. आत गेलेल्यांपैकी एकानेही पुढे कधी त्या सजावटीला नावे ठेवली नाहीत.

ही बातमी ओढ्यापलीकडे पोहोचली. हौसाबाई हुंदके देऊन रडू लागल्या. काटेरावांना वाटले, चला, उशिरा का होईना, समजले. नवीन काटे नुकतेच फुटत होते, ते लागू नयेत म्हणून ते बेताने जवळ सरकले.

"रडू नकोस गं. बिचारी गोदाक्का. पण आपण वाचलो ना?"

"तसं नाही हो," हौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "घर माझं, दृष्टी माझी. एवढी मोठी मोठी मंडळी बघायला आली. आणि कौतुक झालं त्या ठिपकेवाल्याचं!"

तात्पर्य : घर कसे सजवावे, हे ज्याने कधी घर बांधले नाही त्यालाच विचारावे. बांधणाऱ्यांचे मत घेण्यात अर्थ नाही. त्यांना काय, त्यात नुसते राहायचे असते.