खोली पाहणारे अकरा जण

रविवारी दुपारी तपासनीसांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला आणि आज खोली ठरल्याशिवाय आपण जागचे हलणार नाही असं जाहीर केलं. लिफ्टची तपासणी करण्यात त्यांच्या नोकरीची सव्वीस वर्षं गेली होती. त्यामुळे ते स्वतः लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत आणि घरच्यांनाही टाकू देत नसत.

खोली हवी होती सासूबाईंसाठी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना प्रवासाची परवानगी दिली होती आणि त्यांनी एकच इच्छा सांगितली होती, खुर्चीत बसून समुद्र बघायचा. तीन वर्षांपूर्वीही तपासनीसांनी त्यांच्यासाठी समुद्र दिसणारी खोली घेतली होती. समुद्र दिसत होता, नाही असं नाही, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून आणि तोही स्टुलावर चढल्यावर. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "भिंत छान होती." ते वाक्य तपासनीसांच्या जिव्हारी लागलं होतं. या खेपेला सासूबाईंच्या तोंडून एक तरी बरा शब्द ऐकायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता.

आठ दिवस खपून त्यांनी एक्केचाळीस हॉटेलांचा तक्ता केला. किती पायऱ्या, दार किती रुंद, कमोड किती उंच, सगळं त्यात होतं. कमोडची उंची विचारायला ते फोन करत, तेव्हा पलीकडचे लोक 'कशाची उंची?' असं दोनदा विचारून घेत. चाळीस हॉटेलं बाद झाली. उरली एकच खोली. तळमजला, समोर व्हरांडा आणि व्हरांड्यापुढे थेट पाणी.

"मग घेऊन टाका की," बायको म्हणाली.

"अशी कशी घेऊन टाकू? आधी सगळ्यांना पाहू दे."

या घरात बादलीसुद्धा सर्वानुमते घेतली जायची. तपासनीसांनी खोलीची लिंक घरच्यांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'नीट पाहून मत कळवा.'

दोनच मिनिटांत पडद्यावर लाल अक्षरं आली. ही शेवटची खोली होती आणि आत्ता चार जण ती पाहत होते.

तपासनीस हबकले. "अगं, लोक टपलेत हिच्यावर. इतके दिवस इकडे कुणी फिरकत नव्हतं."

त्यांनी घाईघाईनं ग्रुपवर कळवलं, 'लवकर पाहा, गर्दी वाढतेय.' गर्दी सात झाली. मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, काय हो हा प्रकार? मी फोनवर बघतोय, ही टॅबवर बघतेय. आकडा चढतोच आहे."

"तुम्ही पाहत राहा. नजर हटवू नका," तपासनीसांनी बजावलं.

आकडा अकरावर गेला. तपासनीसांच्या कपाळावर घाम आला. ही अकरा माणसं कोण, त्या सगळ्यांना तळमजलाच का हवा, त्या सगळ्यांचे गुडघे एकदम कसे दुखायला लागले, त्यांना काही कळेना. तेवढ्यात मुलगी आतल्या खोलीतून आली. तिनं पडदा पाहिला, मग आईच्या हातातला फोन पाहिला.

"बाबा, ते अकरा जण आपणच आहोत."

तपासनीसांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग ग्रुपवर हुकूम सुटला, 'सगळ्यांनी ताबडतोब बंद करा.' आकडा भराभर उतरला. आठ, पाच, तीन. दोनवर येऊन थांबला.

"एक मी. दुसरा कोण?" तपासनीस म्हणाले. "जा म्हणावं ना त्याला."

तो काही जाईना. तपासनीसांनी कार्डाचा नंबर भरायला घेतला. चार आकडे भरले, ते नीट तपासले, पुढचे चार भरले, तेही तपासले. बारावा आकडा तपासत असताना पान बदललं. खोली गेली होती.

आठ दिवसांची मेहनत एका परक्या माणसानं डोळ्यांदेखत उचलून नेली होती. त्यांनी हॉटेलला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, "सॉरी सर, नाव नाही सांगता येणार. वयस्कर बाई आहेत, एवढं सांगते."

"मग त्यांना माझा निरोप द्या," तपासनीस गयावया करत म्हणाले. "म्हणावं, एका आजारी म्हातारीसाठी हवीय हो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिची एवढी एकच इच्छा आहे."

पाच मिनिटांनी त्या मुलीचाच फोन आला. "सर, विचारलं मी. त्या म्हणाल्या, गुडघे माझेही दुखतात. तुमच्या त्या म्हातारीला दुसरीकडे बघायला सांगा."

"काय माणसं असतात एकेक," तपासनीस सुन्न होऊन म्हणाले. "जरा म्हणून दयामाया नाही."

आता हे सासूबाईंना सांगायचं कुणी? शेवटी बायकोनं मन घट्ट करून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस. खोली गेली गं."

"गेली कुठं? माझ्याकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "ग्रुपवर लिंक आली, गर्दी दिसली, घेऊन टाकली. एकटीपुरती. तुम्ही कुणी येऊ नका. तुमचं मत घेता घेता समुद्र आटेल. आत्ताच कुणी तरी गळेपडू माणूस हॉटेलकडून माझ्या मागे लागला होता. त्याच्या घरी कुणी म्हातारी आहे म्हणे. मी काही दाद दिली नाही."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तपासनीसांच्या चेहऱ्यावर रंग म्हणून उरला नव्हता.

"अगं, पण घेण्याआधी नीट पाहिलीस तरी का?" तिनं विचारलं.

"पाहायचंय काय त्यात? जावयांनी निवडलीय म्हटल्यावर मी डोळे मिटून घेतली. त्यांच्याइतकं बारकाईनं कोण बघतं? सांग त्यांना माझं नाव घेऊन."

हा शब्द ऐकण्यासाठी तपासनीस तीन वर्षं थांबले होते. ते ताठ बसले, त्यांनी घसा खाकरला. पण आभार मानायला तोंड उघडलं, तर तो गळेपडू माणूस आपणच होतो हेही बोलण्यात निघेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बायकोला हातानंच खूण केली, की मी घरात नाही असं सांग.