नग एक, पाणी उत्तम

नगबाईला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ती स्वतःच सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाणीखात्याच्या भांडारात एकतीस वर्षं काढलेली बाई. दारातून आलेली वस्तू उलटीपालटी करून "नग किती?" असं विचारल्याशिवाय तिनं कधी आत घेतली नाही, म्हणून तिचं नाव नगबाई. पाठीमागे लोक "काय नग आहे" असंही म्हणत. तो नग वेगळा, हे तिला माहीत होतं.

एका इंजिनिअरला तर तिनं निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. त्याच्या नावावरची लाकडी फूटपट्टी सापडत नव्हती. गळ्यातला हार सुकला, भाषणं करणारे घरी गेले, शेवटी हा गृहस्थ स्वतःच्या माळ्यावर चढला आणि फूटपट्टी घेऊन आला. तेव्हा कुठे बाईनं सुटकेच्या दाखल्यावर सही केली. दाखल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही, त्यामुळे चिडून उपयोग नव्हता.

निवृत्त होणाऱ्याला खात्यातर्फे भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. अशी शंभरावर घड्याळं बाईनं आणली, चालवून पाहिली आणि देऊन टाकली. ज्या माणसाला उद्यापासून कुठेच वेळेवर जायचं नाही त्याच्या हातात घड्याळ ठेवायचं, हा विनोद कोणाला सुचला होता कोण जाणे. बाईला तो गेली दोन वर्षं अजिबात हसवत नव्हता, कारण आता पाळी तिची होती. एकतीस वर्षं या लोकांचे खिळे मोजले, आणि शेवटी तेच घड्याळ? तिला ते नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

तेवढ्यात नवे साहेब आले. नवे साहेब आले की काहीतरी बदलतात. जुन्या साहेबांनी टेबलाची दिशा बदलली होती, यांनी घड्याळ बदललं.

"बायकांना कसली घड्याळं देता?" ते म्हणाले. "या वेळी पेंडंट देऊ. हिऱ्याचं. बारीक असेना का. पण बाई, हे गुप्त ठेवायचं. जिला द्यायचं तिला कळता कामा नये."

"बरं साहेब. कोणाला द्यायचंय?"

"तुम्हालाच."

"मग खरेदी कोण करणार?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. खात्यात खरेदी एकाच माणसाला यायची. "तुम्हीच करा," ते म्हणाले. "पण तुम्हाला माहीत नाही असं समजून करा."

घरी बाई आणि तिची थोरली बहीण, दोघीच. थोरलीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ते कबूल करणं तिच्या शानेत बसत नव्हतं. पेपर उलटा धरून वाचायची आणि "हल्ली छापतातच वाईट" म्हणायची.

"हिरा?" थोरली म्हणाली. "आपल्या घरात?"

"बारीक असणार गं, ताई."

"असू दे बारीक. मला दिसला म्हणजे झालं." आणि तिनं स्वतःच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढून हिच्या हातात ठेवली. "यात घाल. खात्याची साखळी म्हणजे बादलीची असायची."

सराफानं पहिल्याच दिवशी मोठा हिरा पुढे केला. वर लखलखीत दिवे, खाली काळं मखमल, आणि मध्ये तो हिरा नवरदेवासारखा बसलेला.

"दिवे बंद करा," बाई म्हणाली.

"काय करू?"

"हे वरचे दिवे. माझ्या घरात असले दिवे नाहीत."

सराफानं दिवे बंद केले. एरवी चोर आला तरच करत असावा. बाईनं हिरा चिमट्यात धरला, दारापाशी ढगाळ उजेडात नेला, हात लांब करून पाहिला. मधोमध नुसता काळोख, विहिरीत वाकून पाहावं तसा.

"याच्या पोटात अंधार का?"

सराफ वरमला. "जरा खोल पाडलाय. वजन राखायचं म्हणून. वरून गेलेला उजेड बाजूनं निसटतो."

"आणि हा?"

"हा उथळ. उजेड बुडातून आरपार जातो. हे बघा बाई, हिरा केवढा ते सगळे बघतात. पैलू कसे पाडलेत ते कोणी बघत नाही."

बाई बघत होती. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं अकरा हिरे पाहिले. दहा परत केले. अकरावा टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा. दारापाशी नेला, आणि त्या मरगळलेल्या उजेडातही तो असा काही लखलखला की बाईचा हात थांबला.

"हा कसा काय?"

"याचे कोन बरोबर आहेत," सराफ म्हणाला. "जेवढा उजेड घेतो तेवढा परत देतो."

हे बाईला फार आवडलं. घेतलेलं सगळं परत देणारा नग तिनं खात्यात अजून पाहिला नव्हता. खुर्चीवर बसताना तिला चक्क लाजल्यासारखं झालं, आणि हिरा आपल्यासाठी घेतोय हे विसरायचं असतं तेही ती विसरली. सराफानं कागदावर लिहून दिलं: हिऱ्याचं पेंडंट, नग एक. कट उत्तम. पाणी उत्तम.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग तो कागद फाईलला लागला.

तिसऱ्या दिवशी फाईल लाल शाईत न्हाऊन परत आली. 'कट उत्तम म्हणजे काय? कोणाचा कट? खुलासा करावा.' बाईनं खुलासा केला, की कट म्हणजे पैलू पाडण्याची रीत, खात्याविरुद्ध कोणाचाही कट नाही. फाईल वर गेली. पुन्हा खाली आली. 'पाणी उत्तम हे कोणी ठरवले? आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा.'

बाई उठून साहेबांकडे गेली. "साहेब, हे पाणी पिण्याचं नाही."

"मग तसं लिहा. पिण्यायोग्य नाही."

"अहो, हिऱ्याचं पाणी म्हणजे तेज."

"ते मला कळतं. पण उद्या तपासणीवाले आले तर? पाणीखात्याच्या फाईलवर पाणी उत्तम लिहिलंय आणि अहवाल नाही, असं म्हणतील की नाही?"

म्हणतील, हे बाईला पटलं. तिनंच असल्या गोष्टींवर लोकांच्या फायली अडवून ठेवल्या होत्या. तिनं प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'नमुना अपुरा. किमान एक लिटर पाठवावा.'

आता निवृत्तीला चार दिवस उरले होते. बाई हिरा डबीत घालून स्वतःच प्रयोगशाळेत गेली. तिथले प्रमुख माणूस तसे समजूतदार.

"बाई, मी डबी टेबलावर ठेवतो, तपासलं म्हणून लिहितो, विषय संपला. फक्त बिननोंदीची वस्तू मी आत घेऊ शकत नाही. जडवस्तू क्रमांक आणा."

"याला कसला जडवस्तू क्रमांक?"

"नियम तुमचाच आहे," प्रमुख म्हणाले.

होता तिचाच. दोन तापमापक हरवले तेव्हा तिनंच केला होता. जडवस्तू नोंदवही म्हणजे खात्याच्या कायम मालकीच्या वस्तूंची वही: टेबलं, कपाटं, पंखे. त्यात जे शिरलं ते मोडेपर्यंत खात्याचं. घड्याळं कधी या वहीत जात नसत, ती भेटवस्तूंच्या पातळ वहीतून यायची आणि जायची. पण पातळ वहीत क्रमांक नसतो, क्रमांकाशिवाय अहवाल नाही, अहवालाशिवाय साहेबांची सही नाही, आणि सहीशिवाय चार दिवसांनी गळ्यात काय, तर घड्याळ.

बाईनं जाड वही उघडली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: पेंडंट, हिऱ्याचे, नग एक. 'ताबा' या रकान्यापाशी पेन अडखळलं. रकाना मोकळा सोडायचा नसतो. तिनं स्वतःचं नाव लिहिलं. मागाहून बघू, असं मनात म्हणाली. एकतीस वर्षांत 'मागाहून बघू' म्हणणाऱ्या कोणालाही तिनं दारात उभं केलं नव्हतं.

समारंभ छान झाला. तिघांनी भाषणं केली, त्यातल्या दोघांनी तिचं नाव बरोबर घेतलं. पेंडंट थोरलीच्या साखळीत ओवून गळ्यात घातलं गेलं.

"कुठाय?" मागच्या रांगेतून कोणी म्हणालं. "दिसत नाही."

"बारीक आहे," दुसरं कोणी म्हणालं. "खात्याचंच ते."

बाई नुसती खिडकीकडे वळली. पडद्याच्या फटीतून आलेली उजेडाची एक रेघ त्या हिऱ्यानं उचलली आणि थेट मागच्या भिंतीवर फेकली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बाईला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

हे सुख पाऊण तास टिकलं.

मग ती दाखला घ्यायला भांडारात गेली. तिच्या खुर्चीवर आता तिच्याच हाताखाली सहा वर्षं शिकलेली कारकून बसली होती. जाड वहीवर बोट ठेवून ती एकेक वाचत होती, अगदी बाईनं शिकवलं होतं तसं.

"खुर्ची, नग एक."

"ही बघ."

"पंच, नग एक. किल्ल्या, नग दोन."

"या."

बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि थांबलं. कारकुनीनं वर पाहिलं. बाईचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

दोघी साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वही दोनदा वाचली. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला.

"नोंद मोडीत काढता येईल," ते म्हणाले. "पण त्याला वस्तू मोडलेली लागते. आता हिरा मोडायचा कसा?"

कोणाला हसू आलं नाही. "समिती बसवू," साहेब म्हणाले. "वर्षभरात होईल. तुम्हाला दाखला आज हवाय ना?"

भांडारात परत आल्यावर कारकुनीनं दार लोटलं. "बाई, मी ती ओळ खोडते. कोणाला कळणार आहे?"

आणि मंडळी, बाईला ते हवं होतं. आयुष्यात काही एवढं हवं वाटलं नसेल. ती त्या ओळीकडे बघत राहिली. अक्षर तिचंच, सुंदर, एकही खाडाखोड नाही. तिला तो इंजिनिअर आठवला, बाकावर बसलेला, सुकलेल्या हारासकट.

"खोडशील तर पुढच्या तपासणीत तुझी नोकरी जाईल," ती म्हणाली. "लिही. परत मिळालं, नग एक."

तिनं पेंडंट साखळीतून ओढून काढलं, डबीत ठेवलं, डबी कपाटात. साखळी वहीत नव्हती. ती राहिली.

कारकुनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मागच्या फळीवरून खोकं काढलं, धूळ पुसली. "बाई, हे एक शिल्लक होतं."

बाईनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं. पातळ वहीत सही केली आणि घरी निघाली.

थोरली दारातच उभी होती. चपला काढायची उसंत न देता तिनं हिचे खांदे धरले, उजेडाकडे वळवलं आणि नाक साखळीला टेकेल इतकी जवळ आली. बोटानं चाचपायला गेली, पण मधेच हात मागे घेतला. डोळे चांगले असलेली माणसं चाचपत नाहीत.

"दिसला," थोरली म्हणाली. "बारीक आहे, पण काय चमकतोय गं. मिळाला ना शेवटी?"

समोर नग नसताना एकतीस वर्षांत नगबाईनं 'मिळाला' असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

"मिळाला," ती म्हणाली.