मल्लूअण्णांचा डावा खिसा

वडिलांची मिल बंद पडली त्या आठवड्यात आमची सगळी गल्ली येऊन गेली. कुणी पायलीभर ज्वारी आणली, कुणी नुसतंच "होईल काय तरी" म्हणून गेलं. शेजारचे मल्लूअण्णा वायरमन आले ते डावा हात खिशात घालून. उजवा हात त्यांनी वडिलांच्या खांद्यावर ठेवला, "यप्पा, लई वाईट झालं," म्हणाले आणि रडायला लागले. रडतानाही डावा हात खिशातच. डोळे पुसायला उजवा हात खांद्यावरून काढला, डोळे पुसले, पुन्हा खांद्यावर ठेवला. असं तीनदा झालं आणि चार दिवस न हसलेली माझी आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

मल्लूअण्णांचा नियम साधा होता. चालू लाईनीला एकच हात लावायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात गुंतले की करंट एका हातानं शिरतो, छातीतनं दुसऱ्या हातानं बाहेर पडतो आणि जाताना माणसालाही घेऊन जातो. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि सोलापुरातले सगळे जुने वायरमन ते पाळत. फरक एवढाच, की बाकीचे काम संपल्यावर हात बाहेर काढत. अण्णा म्हणत, "सवय कामापुरती ठेवली की ऐन कामाला ती नसती बघ."

त्यामुळं सायकल एका हातानं. घंटी नेमकी डाव्या बाजूला, म्हणून "सरा, सरा" असं तोंडानंच ओरडायचं. सिद्धेश्वराच्या देवळात नमस्कारही एका हातानं. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "अण्णा, दुसरा कुटं ठेवून आलासा?" संध्याकाळी लाईट लागली की सगळी माणसं हात जोडतात. अण्णा, ज्यांनी ती लाईट लावलेली असायची, ते एकटे उजवा हात कपाळाला लावून मोकळे व्हायचे.

त्यांच्या बायकोला, गुरुबाईंना, सगळी गल्ली अक्का म्हणायची. लग्नाची गोष्ट अक्काच सांगत. "मांडवात हार घातला तोबी एका हातानं. माझा बाप उठला की! म्हणला, पोराचा हात लुळा हाय, आमाला फशिवलं. सगळ्या वऱ्हाडासमोर ह्यांनी हात काढून पाची बोटं हलवून दाखवली, तवा अक्षता पडल्या." एवढं बोलून त्या अण्णांकडं बघायच्या. "आन् दाखवून झाल्यावर पुन्ना खिशात."

वीज त्यांच्या लेखी बाई होती. लाईन चालू असली की "बाई आत हाय." लाईट गेली की "बाई म्हायेरी गेली." फ्यूज उडाला की "बाई रुसली." दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं आणि तिसरी ही बाई, असं अक्का म्हणायच्या.

मी मॅट्रिक पास झालो. आमच्या घराण्यात अंगठा सोडून पेन धरणारा मी पहिला, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. त्या वेळी वडील एका किराणा दुकानात पुड्या बांधत होते. आई विड्या वळत होती. घरमालक खोलीत लाईट घेऊ देत नव्हता, म्हणून माझा सगळा अभ्यास कंदिलावर झालेला. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, "मुलाला कॉलेजात घाला." वडील म्हणाले, "सर, कालेजला चार वर्षं लागत्यात. वायरमन वर्षात उभा राहतो." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी वडिलांनीच तोड काढली. सुट्टीभर मी अण्णांच्या हाताखाली जायचं. सुट्टी संपताना अण्णा सांगतील ते.

मला कॉलेज नकोच होतं. पहिल्या आठवड्यातच मी मनानं वायरमन झालो होतो. पट्टी ठोकावी, वायर ओढावी, होल्डर बसवावा, आणि मग अंधाऱ्या खोलीत एकदम उजेड पडावा. घरातली म्हातारी माणसं माझ्याकडं बघून हात जोडायची. मॅट्रिकच्या मार्कांकडं बघून कुणी हात जोडले नव्हते.

अण्णांची शिकवण्याची तऱ्हा निराळी. पहिल्याच दिवशी अक्कांनी माझ्या पँटच्या डाव्या खिशाला आतून जाड कापडाचं अस्तर लावलं. मला स्टुलावर चढवून अण्णा खाली बोर्डाजवळ उभे राहायचे, डावा हात अर्थात खिशात, आणि म्हणायचे, "बाई आत हाय रं. हात कुटं हाय?"

"खिशात, अण्णा."

"करंट कुणाचा?"

"कुणाचा न्हाय, अण्णा."

"हां. कर आता."

मी एका हातानं चालू लाईन जोडत होतो! टेस्टर मात्र ते देत नसत. त्यांच्याकडं एकच होता, तो त्यांच्या कानामागं. मागितला की म्हणायचे, "टेस्टर दिला की माणूस टेस्टरावर भरवसा टाकतो. हाताला भ्या पायजे." सबंध सुट्टीत मला साधी झिणझिणीही आली नाही. हा आपल्या हाताचा गुण, असं मी ठरवून टाकलं. मी काम करत असलो की त्या खोलीतला पंखा बंद का असतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सुट्टीचे चार दिवस उरले तेव्हा आम्ही राजय्यामामांच्या मागाच्या शेडमध्ये गेलो. हे तेलुगू विणकर, चादरींचे चार माग त्यांचे. मागांच्या वर नवा बल्ब लावायचा होता. मी स्टुलावर, अण्णा खाली. "बाई आत हाय रं." मी डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातानं उघडी तार होल्डरकडं नेली. तेवढ्यात स्टुलाचा पाय घसरला. तार बोटांत, आणि तोल सावरायला डावा हात आपसूक बाहेर येऊन मागाच्या लोखंडावर.

काही झालं नाही. मी तसाच लोंबकळत राहिलो, मग हसत खाली उतरलो. "बघा मामा, बाई मला वळखती!"

राजय्यामामा हसले. अण्णा हसले नाहीत. ते चादरीच्या गठ्ठ्यावर बसले. "सिद्धरामा," असं देवाचं नाव घेतलं आणि पाणी मागितलं. उजव्या हातानं तांब्या धरून सगळा रिकामा केला.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "काय अण्णा, पोरगं कसं काय?"

"पोरगं ह्या कामाचं न्हाय," अण्णा म्हणाले. "कालेजात घाला."

"पण हात चांगला हाय म्हणत हुता की."

"हात चांगला हाय. कामाचं न्हाय."

मी उंबऱ्यावर होतो. कुणी चारचौघांत मुस्काटात मारावी तसं झालं. वडील रात्रभर विचार करून सकाळी मला म्हणाले, "पलीकडच्या गल्लीत दुसरा वायरमन हाय. तुला तेच करायचं आसंल तर त्याच्याकडं जा. तू ठरीव." मी ठरवलं. शिक्षणाच्या ओढीनं नव्हे, खरं सांगायचं तर रागानं. म्हटलं, या माणसानं मला नाकारलं ना, मग मी असं काही होऊन दाखवतो की यानं मान वर करून बघावं. त्याच दिवशी जाऊन कॉलेजचा फॉर्म भरला.

चार वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. अण्णा सायकलवरून जाताना हाक मारायचे, "काय म्हणती कालेजातली बाई?" मी "ठीक" म्हणून पुस्तक वर करायचो. पहाटे दुधाच्या बाटल्या टाकल्या, दुपारी शिकवण्या घेतल्या आणि बी.एस्सी.ला बसलो. विषय फिजिक्स. विजेचे सगळे नियम तोंडपाठ केले. घामानं ओल्या हातांनी तार आणि लोखंड एकदम धरलेला माणूस हसत खाली कसा उतरतो, हा प्रश्न मात्र चार वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. राग असला की फिजिक्स चालत नाही.

निकाल लागला. सेकंड क्लास. सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि शेवटी, मुद्दाम शेवटी, अण्णांच्या दारात गेलो. अण्णा बाजेवर बसले होते. मी पेढा पुढं केला. त्यांनी उजव्या हातानं घेतला.

"बी.एस्सी. झालो," मी म्हणालो. "ह्या कामाचं न्हाय म्हणला हुता, ते पोरगं."

अक्का आतनं आल्या आणि नवऱ्यावर खेकसल्या, "आता तरी सांगा की त्याला! न्हायतर मी सांगती." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्या सुट्टीत ह्यांचा खिसा मी पाच बार शिवला. तू स्टुलावर चढलास की हे गुपचूप फ्यूज काढायचे आन् खिशात मुठीत धरून उभं ऱ्हायाचे. त्याचं पितळ लागून कापड फाटायचं. हाताला घट्टं पडलं."

"एकदाबी बाई आत नव्हती?" मी विचारलं.

"न्हाय," अण्णा म्हणाले.

"शेडमधीबी?"

"तितंबी न्हाय." ते थांबले. "रोज म्हणायचो, उद्या फ्यूज घालू. घातल्याबिगर कुणी वायरमन हुत न्हाय. राजय्याच्या शेडमधी तुझा हात लोखंडावर बघितला आन् कळालं, हे आपल्याच्यानं हुणार न्हाय. दुसऱ्याचं पोरगं आसतं तर घातला आसता. तू..." त्यांनी पेढा तोंडात टाकला.

मी, पदवीधर माणूस, वाकून पाया पडलो.

घरमालकानं शेवटी परवानगी दिली होती आणि अण्णांनी आमच्या खोलीची वायरिंग त्याच आठवड्यात पुरी केली होती. निकालाच्याच दिवशी दिवेलागणीला ते आमच्याकडं आले. आई, वडील, अक्का बोर्डासमोर उभे राहिले. अण्णांनी डावा हात खिशातून बाहेर काढला. मुठीत चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता, घामानं ओला झालेला.

"घाल," ते म्हणाले. "हात कुटं हाय?"

"खिशात, अण्णा."

मी फ्यूज घातला. बटण दाबल्यावर चाळीसचा बल्ब लागला. आईनं हात जोडले, वडिलांनी जोडले. अण्णांनीही जोडले. दोन्ही.

आमच्या घरात लाईट आली आणि आमच्या घराण्यातला पहिला माणूस बी.एस्सी. झाला, ते एकाच दिवशी.