ज्याची गाडी त्याचा हात

पवनीत श्रावणभाऊच्या दुकानासमोर कधीही जा, चार भली माणसं उकिडवी बसून काहीतरी घासताना दिसतील. मोटारसायकलच्या टाक्या घासत असतात. एकदा तर मी तिथे आमच्या मुख्याध्यापकांना पाहिलं. मीही मास्तरच, त्यामुळे दोघांनी एकमेकांना न ओळखल्यासारखं केलं.

श्रावणभाऊ गाडीचे सुटे भाग रंगवून देतो. टाकी, मडगार्ड, पॅनल. हवा तो रंग, हवी ती नक्षी. काम असं की पार नागपूरहून लोक येतात, आणि भाव असा की घरात खोटं सांगावं लागत नाही. फक्त जुना रंग गिऱ्हाइकानंच घासून काढायचा. "ज्याची गाडी त्याचा हात," म्हणत तो पॉलिश पेपर आणि पाण्याचा डबा पुढे करतो. दुप्पट पैसे देतो म्हणणाऱ्याला तो हात जोडून रस्ता दाखवतो.

माझी टाकी घासण्यात तीन रविवार गेले. खडूपेक्षा जड काही उचलायची मला सवय नाही.

"मास्तर, घासून राहिले का टाकीले गुदगुल्या करून राहिले?"

मग डोळे मिटून टाकीवरून बोट फिरवायचा. "इथं अडखळते. पुन्हा."

रंग निळा सांगितला, तर विचारतो, "वैनगंगेचा सकाळचा का दुपारचा?" मी वैतागून म्हटलं, दुपारचा. टाकी तयार झाली आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी पुलावर जाऊन पाहिलं. खरंच तोच निळा होता. त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याची स्वतःची गाडी मात्र दुकानाच्या कडेला जुनाट उभी. मागच्या पॅनलवर डाव्या बाजूला नुसते ओरखडे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! एकदा तो चहा सांगायला गेला असताना मला उपकार फेडायची हुक्की आली. हात आता तयार झाला होता. घेतला पेपर आणि लागलो घासायला.

"मास्तर!"

धावत येऊन त्यानं पेपर हिसकावला. "काहून घासलं? कोणाले इचारलं?"

पॅनलवर पाणी ओतलं, सदऱ्यानं पुसलं, डोळे मिटले आणि बोट फिरवू लागला.

"वरचा क्लिअरच गेला," तो शेवटी खाली बसला. "ओरखडे शाबूत हायेत."

म्हणजे त्या ओरखड्यांवर यानं स्वतःच पारदर्शक रंगाचा हात मारला होता, ते झिजू नयेत म्हणून.

"विमलच्या बांगड्याइचे हायेत. एकोडीले माहेरी जाताना मागचा दांडा धरून बसे. मी म्हणो, बांगड्या काढ, रंग जाते. लय बोललो मास्तर तिले, एवढ्याशा रंगासाठी. आता तिले जाऊन चार वर्सं झाली."

मग म्हणाला, "म्हून मी कोणाची गाडी घासत नाई. कोणता ओरखडा ठेवायचा, मले काय मालूम?"

मला फार लाज वाटली. म्हटलं, "श्रावणभाऊ, चुकलं. नवा क्लिअर मारायच्या आधी कडेचा उरलेला क्लिअर तेवढा मी घासून देतो."

त्यानं मान हलवली. "ज्याची गाडी त्याचा हात."

आणि आम्ही गिऱ्हाइकं बसतो त्याच जागी उकिडवा बसून तो हलक्या हातानं घासू लागला. मी पाण्याचा डबा धरून शेजारी बसलो.