भिला आप्पांची वाकडी पायवाट

भिला आप्पा ट्रकचालकांशी कधी बोलत नसत. ते थेट ट्रकशी बोलत. सकाळी पाळी बदलायच्या वेळेला सुरतेजवळच्या पलसाण्याच्या हायवेवर मधोमध जाऊन उभं राहायचं, मिटलेली छत्री समोर रोखायची आणि हरियाणाहून धडधडत आलेल्या दहाचाकी ट्रकच्या थेट तोंडावर अहिराणीत सुनवायचं: "ओ भो, थांब! सडक तुना बापनी शे का? लोके जाई राह्यनात, दिसत नही?"

ट्रक थांबे. का थांबे, ते मला आजवर कळलेलं नाही. खाली उतरून भांडायचं तर कोणत्या भाषेत, असा चालकाला प्रश्न पडत असावा. तो प्रश्न सुटेपर्यंत आप्पांच्या पाठीमागून सायकलींची रांग पलीकडे निघून जाई आणि आप्पा ट्रकच्या बंपरवर दोनदा थोपटून "जाय आते" म्हणून त्याला सोडून देत. गोठ्यातली म्हैस सोडावी तसा.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. सुरतेत उभं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं आणि लूमच्या खडखडाटाने जाताना अर्धे कान ठेवून घेतले. त्यामुळे त्यांची कुजबुजही दोन चाळींना ऐकू येई. काम सुटल्यावर ते शहर सोडून पलसाण्याजवळच्या आमच्या मजूरवस्तीत राहायला आले. मी सुरतेतल्याच कतारगामच्या एका लूमकामगाराची पोरगी, कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि त्या काळात मला एकच गोष्ट उत्तम येत होती: पत्रक काढणं. त्या पत्रकांच्या जोरावर मी त्या वस्तीत 'पायी-सायकल हक्क समिती' काढली होती. समितीत आम्ही चौघं. त्यातले आप्पा स्वयंघोषित अध्यक्ष, आणि बाकीच्या तिघांची हरकत त्यांना ऐकू आली नाही.

आमची मागणी साधी होती. हजारो माणसं रोज चालत आणि सायकलवर कापड रंगवायच्या, डाइंगच्या मिलमध्ये जातात. तालुक्याच्या नकाशात मात्र मोटारीचा रस्ता आहे, बैलगाडीचा आहे, माणसाचा नाही. पायी चालणारा माणूस हा सरकारच्या लेखी रस्त्यात पडलेला अडथळा! (हे वाक्य मी तीन पत्रकांत वापरलं. अजूनही वापरीन.) वस्तीतल्या प्रत्येक ओळीत एक तरी पाय प्लॅस्टरमध्ये होता. वस्तीपासून मिलपर्यंत नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने पंचायतीचीच पडीक जमीन होती. तिच्यावर मुरूम टाका आणि आम्हाला हायवेवरून सोडवा, एवढंच म्हणणं.

आप्पांचं म्हणणं मात्र एवढंच कधी नसे. प्रत्येक बाबतीत त्यांचा एक शेवटचा शब्द ठरलेला होता: "त्यामा सायन्स शे." टोपीखाली कांदा का? त्यामा सायन्स शे. सायकलवर बसताना चपला काढून हँडलला का अडकवता? त्यामा सायन्स शे. उन्हाळ्यात ते सायकल सावलीत टेकवून तिच्या सीटवर ओलं गोणपाट टाकत आणि आपण स्वतः उन्हात उभे राहत. मी विचारलं तर म्हणाले, "तिले बी ऊन लागस." यात सायन्स कुठे आलं, असं म्हटल्यावर माझ्याकडे नुसतं दयेने पाहिलं.

तर एकदाची तालुका पंचायतीतून दाद लागली. तिथले ओवरसियर, देसाईसाहेब, सज्जन आणि घाबरट गृहस्थ होते. ते म्हणाले, "बेन, अशा वाटेचा नकाशा-बिकाशा आमच्याकडे नाय. लोक रोज चालतात ती केडी, पायवाट, दाखवा. जमीन तुडवलेली दिसली की मी खुंट्या ठोकतो. पण एक सांगतो, झगडो नाय पाहिजे. वांकी-चूंकी केडी असेल तर साहेब फाइल परत मारतात." ऊसतोड संपली की येतो, असं सांगून ते गेले.

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. 'सरळ चला! नहेरीवरून चला! तुमचा पाय हीच तुमची सही!' लोकांनी ते वाचलं की नाही माहीत नाही, पण पुढचा आठवडाभर वस्तीतली भजी त्यातूनच मिळत होती. तरी लोक हायवे सोडून नहेरीवरून जायला लागले. गवत दबलं, मातीची पांढरी रेघ उमटली. मी रोज सकाळी जाऊन ती पाहायची, आणि मला आपलंच हस्ताक्षर पाहिल्यासारखं वाटायचं.

मग ती रेघ वाकडी व्हायला लागली.

निम्म्या वाटेवर ती नहेर सोडून उजवीकडे वळायची, वस्तीच्या अगदी शेवटच्या, एकट्या पडलेल्या चाळीपुढून जायची आणि तिथून मोठा वळसा घालून परत नहेरीला यायची. मधला सरळ पट्टा पुन्हा गवताने झाकायला लागला. मी एका सायकलवाल्याला अडवून विचारलं, "दादा, सरळ का जात नाही?"

"तिथं नाग आहे ना ताई! आप्पांनी पाहिलाय."

दुसऱ्याच्या मते नागाची जोडी होती. तिसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे त्यातल्या एकाला मिशा होत्या. आणि नागाच्या भीतीने जे वळत नव्हते, ते हवेसाठी वळत होते, कारण त्या शेवटच्या चाळीत, आपल्या खोलीपुढे, आप्पांनी सायकलचा पंप ठेवला होता. हवा फुकट. शेजारी पाण्याचा माठ, तोही फुकट.

मी चिडले. मी चिडले की पत्रकासारखी बोलते. "आप्पा, नाग कुठाय?"

"गवतमा."

"मी अख्खं गवत पालथं घातलं. नाही दिसला."

"दिसत नही तोच खरा नाग. त्यामा सायन्स शे."

"आप्पा, तुम्ही दारात टपरी टाकणार आहात! रस्ता आला की बिडी-गुटखा विकणार! शेकडो कामगारांचा हक्क तुम्ही एका गल्ल्यासाठी वाकवताय! देसाईसाहेबांनी फाइल परत मारली तर सगळे पुन्हा ट्रकखाली, कळतंय का?"

आप्पा चहाच्या गाडीपाशी सायकलच्या चेनला तेल सोडत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तू सरळ लिख, माय. वाकडं मी देखी लिसू."

समितीतल्या इतर दोघांना मी सांगितलं की अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव आणू. ते म्हणाले, आण, पण सायकलीत हवा भरून येतो आणि मग बसू.

ऊसतोड संपली. देसाईसाहेब आले, सोबत खुंट्यांची मोळी घेतलेला शिपाई. मी सरळ रस्त्याच्या बाजूने भाषण तयार ठेवलं होतं. नागाचा मुद्दा कसा खोडायचा, तेही ठरवलं होतं. निम्म्या वाटेपर्यंत खुंट्या पटापट ठोकल्या गेल्या. मग साहेब थांबले. समोर गुडघाभर गवत, आणि उजवीकडे वळलेली, चाकांनी गुळगुळीत झालेली वाट.

"आ शुं, बेन? ही तर वांकी आहे."

"साहेब, ते एका माणसाचं खूळ आहे. या, दाखवते," असं म्हणून मी त्यांना घेऊन आप्पांच्या खोलीकडे निघाले. त्या चाळीत मी तोवर कधी गेले नव्हते. आप्पा नेहमी हायवेवर नाहीतर चहाच्या गाडीवर भेटायचे. दुपार झाली की कुणाला न सांगता घरी पळायचे, आणि ती त्यांची झोपेची वेळ असणार असं मी धरून चालले होते.

पाळी नुकतीच सुटली होती. खोलीच्या दारात बाजेवर उशीला टेकून एक म्हातारी बाई बसली होती. केस नीट विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. लकवा. ही आप्पांची बायको, असं शेजारणीने मला हळूच सांगितलं. वाचाही गेली, म्हणाली, दोनच शब्द राहिलेत.

ते दोन शब्द मला लगेच ऐकू आले. एक सायकल बाजेपाशी हळू झाली आणि म्हातारीने विचारलं, "कोनतं गाव?"

"धरणगाव, काकू! जेवनी का?" म्हणत तो पुढे गेला.

पुढचा आला. "कोनतं गाव?"

"साक्री, काकू. कालचंच गाव शे, बदललं नही!" ती डाव्या बाजूने हसली.

मागून आलेला एक ओडिया मुलगा पाय टेकून थांबला. "गंजाम, माँ." तिने मान डोलावली, जणू गंजाम पारोळ्याच्या शेजारचंच. माझ्या ओळखीचा जाफराबादचा एक जण 'जाफराबाद' म्हणून वर तिथल्या अवकाळी पावसाची बातमीही सांगून गेला. कुणी घाईत नव्हतं, आणि कुणी उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नव्हतं.

देसाईसाहेब बाजेपाशी आले तेव्हा तिने त्यांनाही सोडलं नाही. "कोनतं गाव?"

साहेबांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न बहुधा ऐकला नसावा. ते जरा ओशाळून म्हणाले, "महुवा, बा." आणि मग, कुणी न विचारता, "माझी बा, म्हणजे आई, पण तिथंच राहते."

आप्पा एका सायकलीत हवा भरत होते. ती कधीच टम्म भरलेली होती. मालक हात जोडून "बस आप्पा, फुटेल" म्हणत होता. ट्रकला दटावणारा हा माणूस माझ्याकडे बघायला तयार नव्हता. मी जवळ गेले तेव्हा आप्पा पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं.

"गावले आमनं घर चौकमा व्हतं. हाई वट्टावर बठे. इचारपूस करा बिगर कोनी पुढे जाये नही." मग पंप खाली ठेवून म्हणाले, "आठे राहाले उनूत तवयपासून कोनीच इकडथून जाये नही, माय. मी एकटाच. मले ती किती येळा इचारी, कोनतं गाव?"

"बोलो बेन," देसाईसाहेब मागून म्हणाले. "सीधी के वांकी? तुम्ही भांडणार नसाल तर मी साहेबांना समजावतो."

शिपायाने बाजेच्या अगदी पुढ्यात खुंटी टेकवली होती आणि दगड उचलून तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"वाकडीच," मी म्हटलं. "पण ही खुंटी इथं चालणार नाही. जरा लांब घ्या, इथं रुंदी जास्त लागेल. इथं लोक थांबतात."