दट्ट्याखालची बाही

फिटर आणि त्याची बायको, चार दिवस दोघांत अबोला होता. कारण मागच्या खोलीतली हायड्रॉलिक प्रेस. रिटायर झाल्यावर माणूस दुपारी आडवा होतो, पेपर वाचतो. हा गडी जुनी प्रेस घेऊन आला आणि तिच्या मोटरची वायर खिडकीतून ओढून थेट स्वयंपाकघरातल्या प्लगात खुपसली.

"एवढा लोड सोसेल का?" बायकोनं विचारलं होतं.

"तीस वर्षं प्रेस चालवलीय मी. मला शिकवू नकोस."

ती अंघोळीला गेली अन् ह्यानं बटण दाबलं. मोटरनं एकच हिसका मारला, मेन पडला, घरभर अंधार. तोंडाला साबण, डोळे मिटलेले, बाई चाचपडत निघाली ती कपाळानंच दाराला भेटली. तेव्हापासून तिच्या तोंडून 'अहो' म्हणून निघालं नव्हतं. जे बोलायचं ते फ्रिजशी. "फ्रिजा, जेवण वाढलंय, ज्याला गिळायचं त्यानं गिळावं."

फिटरला करमेना. नट असता तर पान्यानं सैल केला असता, पण बायकोला पाना कुठून लावायचा? शेवटी त्यानं ठरवलं, तिचं कपडे धुण्याचं मशीन विमानासारखं घरघरतंय, त्याचं बेअरिंग बदलून देऊ. तेवढ्यानं तरी पाघळेल.

जुनं बेअरिंग निघालं, नवं प्रेसखाली ठेवलं. पण शर्टाच्या बाहीचं बटण तुटलेलं. एरवी तिनं लावून दिलं असतं, अबोल्यात मागायचं कसं? तर बाही लोंबत होती. प्रेसचा दट्ट्या खाली आला, बेअरिंग झकास बसलं, आणि बाहीचं टोकही झकास दाबलं गेलं. तेवढ्यात तिकडं गीझर सुरू झाला आणि मेन पुन्हा पडला. दट्ट्या जागच्या जागी. त्याला वर न्यायलाही मोटरच लागायची.

"अगं ए! मी अडकलोय!"

बाई धावत दारात आली. चेहऱ्याचा रंग उडालेला. "हात?" तिनं दाराच्या कडीला विचारलं.

"हात शाबूत आहे. बाही अडकलीय."

तिनं श्वास सोडला. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि पुन्हा कडीकडे वळली. "मग आता काय करायचं म्हणतात?"

"आधी गीझर बंद कर, मग मेन वर कर."

ती गेली. खटका वाजला, मोटर घुरघुरली, परत खटका. मेन पडला.

"फ्रिज अन् मोटर एकदम उठतायत, फ्रिज पण बंद कर!"

"तो माझं ऐकतो, त्याला नाही बंद करायची मी," आतून उत्तर आलं. पण थोड्या वेळानं बाई आली ती मटारची टोपली अन् स्टूल घेऊन. बसली त्याच्या शेजारी, लागली सोलायला.

"फ्रिज?"

"करते. एवढे होऊ देत."

फिटर वाकडा उभा. हलता येईना, कामाचं निमित्त करून सटकताही येईना. मटार टपाटप पडत होते. तिच्या कपाळावरचं टेंगूळ त्यानं पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं.

"दुखतंय का गं अजून?"

"कडीला विचारा."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तू लोडचं विचारलं होतंस. मी ऐकायला हवं होतं."

मटार पडायचे थांबले. "वायर कधी बदलणार?"

"उद्या बोलावतो वायरमनला. प्रेसला वेगळी लाइन घेतो."

"उद्या?"

"आज. आत्ता. पण आधी मला सोडव."

तिनं टोपली खाली ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "बटणं काढा अन् शर्टातून बाहेर या."

फिटरनं छातीवरच्या बटणांकडे पाहिलं. पाचच तर होती. डाव्या हातानं सोडवली, खांदा काढला, हात मागं ओढला. शर्ट प्रेसला लटकत राहिला आणि फिटर बनियनवर मोकळा.

"हे तुला कधी सुचलं?"

"दारात आले तेव्हाच."

"मग अर्धा तास सांगितलं का नाहीस?"

"अबोला होता ना." तिनं मटाराची एक शेंग मोडली. "आणि तुम्ही माझ्याजवळ कधी एवढा वेळ थांबलात?"

फिटर डोकं खाजवत म्हणाला, "फ्रिज बंद करून मेन वर करून येऊ?"

"राहू द्या जरा," ती म्हणाली, आणि स्टुलावर सरकून त्याला जागा केली.